जास्वंदीच्या सहा काड्या

माझ्या पत्नीची जास्वंद गेल्या पावसाळ्यात कुंडीतच मरू लागली. हेदवीजवळच्या माहेराहून लग्नानंतर तिने आणलेले ते झाड. फिकट पिवळे फूल, मध्ये लाल डोळा. माहेरचे घर पुढे विकले गेले आणि अंगणातले मूळ झाड नव्या मालकाने दगडांचा गडगा बांधताना तोडले. उरले ते आमच्या खिडकीतले, आणि आता त्याच्याही बुंध्याला बुरशी लागली होती. एकच फांदी निरोगी होती. तिच्या सहा काड्या निघाल्या.

पत्नीने त्या वाटून टाकल्या.

"तीन तुम्ही लावा, तीन वर भाईंना द्या."

भाई म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. उभे आयुष्य बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढलेले, निवृत्त होऊन रत्नागिरीत स्थिरावलेले, विधुर. मी चाळीस वर्षे सरकारी रोपवाटिकेत आंब्याची कलमे बांधली. माझ्या हातची कलमे आज कोणाकोणाच्या बागांत उभी आहेत, हे मला सांगत बसण्याची सवय नाही. परंतु माझ्या पत्नीला ते ठाऊक होते. तरीही तिने तीनच दिल्या.

मी त्यांच्या तीन काड्या वर नेऊन दिल्या.

मी माझ्या पद्धतीने काम केले. धारदार चाकू, तिरका छेद, सगळी पाने देठ ठेवून काढलेली, वाळू आणि शेणखत चाळून भरलेली कुंडी. भाईंनी कात्रीने प्रत्येक काडीची दोन पाने निम्मी कापली आणि तिन्ही काड्या लोणच्याच्या बरणीत, साध्या पाण्यात उभ्या केल्या.

"पाण्यात?" मी विचारले.

"बोटीवर माती कुठली, दादा? केबिनीत बाटलीतच झाडं वाढवायचो. पाणी मात्र चिक्कार!"

पाण्यातली मुळे लाडावलेली असतात, मातीत टिकत नाहीत, असे मी पत्नीला सांगितले. ती हो म्हणाली. मग तिने मोबाइल उघडून भाईंनी पाठवलेला बरणीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. तो फोटो रोज येत असे. माझी कुंडी तिच्या खुर्चीपासून चार हातांवर होती. कुंडीचा फोटो काढण्याचे मला कधी सुचले नाही. सुचले असते तरी काढला नसता.

बाराव्या दिवशी माझ्या एका काडीचा डोळा फुटला. दोन दिवसांत तिन्ही काड्यांना कोवळी पालवी आली. भाईंच्या बरणीत तोवर काहीच नव्हते. मी पत्नीला हाक मारली.

"लागली," मी म्हणालो.

तिने कुंडीजवळ वाकून पाहिले, गुडघे धरत उभी राहिली आणि हसली. संध्याकाळी भाई जिन्यात भेटले, तेव्हा त्यांनाही मी ते ऐकवले.

"अरे वा! मला वाटलं, दादांची झाडं सरकारी. फाईल सरकल्याशिवाय मूळ नाय सुटायचं!"

मी हसलो नाही. परंतु त्या रात्री मला चांगली झोप लागली.

आठवड्याभरात पालवी काळी पडून गळाली. काडी उपटून पाहिली. खाली मुळाचा एक केसही नव्हता. काडीने आपल्याच अंगातला रस खाऊन पाने काढली होती.

चूक कुठे झाली, ते उभ्या उभ्याच कळले. काडी रुजवतात त्यालाही आपल्याकडे कलमच म्हणतात, छाट कलम. मी त्या शब्दाला फसलो. आंब्याच्या कलमाला पालवी फुटली, की ते लागले असे आम्ही समजतो, कारण खाली रोपाची मुळे तयार असतात. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो झाडे गेली. त्यांपैकी एकालाही मूळ मी फुटवलेले नव्हते.

पत्नीला मी हे सांगितले नाही. मेलेल्या काड्या पुन्हा मातीत खोचून ठेवल्या.

त्याच सुमारास भाई बहिणीकडे दाभोळला गेले. किल्ली आमच्याकडे होती. बरणीचे पाणी एक दिवसाआड बदलायचे होते आणि पत्नीला जिना चढवत नसल्याने ते काम माझ्याकडे आले.

तिन्ही काड्यांना मुळे होती. पांढरी, बोटभर. मी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. ज्याने कधी रोपवाटिकेचे तोंड पाहिले नाही, त्याच्या लोणच्याच्या बरणीत माझ्या पत्नीचे माहेर जिवंत होते.

मी सर्वांत लांब मुळांची काडी उचलली, ओल्या रुमालात गुंडाळून खाली आणली आणि पत्नी आंघोळीला गेली असता माझ्या कुंडीत लावली. दोन मेलेल्या काड्या फेकल्या, एक शेजारी राहू दिली.

"एक जगली," मी म्हणालो.

भाई परतले, ते बरणी घेऊनच खाली आले. पत्नीने आत डोकावून विचारले, "भाई, तीन होत्या ना?"

त्यांनी माझ्या कुंडीकडे पाहिले. कात्रीने निम्मे कापलेले पान तिथे तसेच होते. चाळीस वर्षे पाने छाटलेल्या माणसाला ते तोडण्याची आठवण झाली नव्हती.

"एक कुजली, वैनी," भाई म्हणाले. "मीच जाताना टाकली. पाणी ते पाणीच. दादांची बघा, मातीत कशी उभी आहे."

"यांच्या हाताला गुण आहेच," पत्नी म्हणाली. लग्नाला इतकी वर्षे झाली, हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. मी चहा ठेवायला आत गेलो.

त्यांनी पाहिले, याची मला लाज वाटते. परंतु रोज सलते ते वेगळेच. इतके मोठे खोटे त्यांनी श्वासही न अडखळता सांगितले आणि वर माझी स्तुती केली. त्यांच्या जागी मी असतो तर पानाकडे बोट दाखवले असते. याही बाबतीत त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला निघाला.

बरणीतल्या दोन्ही काड्या त्यांनी पत्नीलाच दिल्या. तिन्ही झाडे आता खिडकीत आहेत. माझ्या कुंडीतल्या झाडाला कळी धरली आहे. पहिले फूल भाईंना द्यायचे, असे पत्नीने ठरवले आहे. तिचे गुडघे चालत नाहीत. जिना चढून ते मलाच नेऊन द्यायचे आहे.