वहिनीची पिशवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी थोरल्या वहिनीचं नाव घेतो. दादा मुंबईला कापडाच्या दुकानात होता आणि बारावी झाल्यावर मीही तिथेच जायचं, हे घरात ठरलेलं होतं. संगमेश्वरच्या आतल्या बाजूला आमचं गाव. तिथल्या मुलांचं असंच ठरतं. तेव्हा चुलीपुढे बसलेली वहिनी म्हणाली, "एकाला तरी कालेजात जाऊ द्या. भात लावायला मी हाय." नवी सून सासऱ्यांसमोर असं बोलत नाही. वडिलांनी तिचं ऐकलं आणि मी रत्नागिरीला आलो. घरातला पहिला पदवीधर झालो.

त्या वर्षांत सकाळच्या एसटीने वहिनीची कापडी पिशवी यायची. कंडक्टर गावच्या ओळखीचा. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असायची: "पोटभर जेवा. पिशवी परत धाडा." वहिनीची शाळा चौथीपर्यंतच झालेली. तिला वाचता यावं म्हणून मीही ठळक अक्षरांत उत्तर लिहून रिकाम्या पिशवीत घालायचो.

आता मी इथेच एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा डायलिसिस सुरू झालं. माझा रक्तगट जुळला नाही, तिच्या आईला मधुमेह. म्हणून मृत्यूनंतर कुणी दान केलेली किडनी मिळावी यासाठी कोल्हापूरच्या एका रुग्णालयात तिचं नाव नोंदवलं. किडनी आली की ते फोन करणार आणि आम्ही लगेच आंबा घाट चढून पोचायचं. शेजाऱ्यांची गाडी सांगून ठेवली. कपड्यांची बॅग दाराआड भरून ठेवली. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी वर्गात फोन टेबलावर ठेवू लागलो. तो वाजला की मुलं आपोआप गप्प होतात. बहुतेक वेळा पलीकडे क्रेडिट कार्ड विकणारी कुणीतरी असते.

भात कापून झाल्यावर वहिनी आली ती राहायलाच. भाजी उकळून पाणी फेकायचं, दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं, हे तिने पटकन उचललं. बाटली बघून मात्र हळहळायची. "गुरांनासुद्धा आम्ही असा मोजून पानी नाय देत गं!"

"म्हणून ती तुमचं ऐकत नाहीत, ताई," पत्नी म्हणायची.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेतात. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि किडनी गेलेल्या माणसाच्या हृदयाला ते धोक्याचं. मी प्रत्येक पाहुण्याला दारातच हे सांगायचो. पाहुणे मान हलवायचे आणि निघताना म्हणायचे, "मग वायच घोटभर द्या." जिन्याखाली शहाळ्यांचा ढीग झाला. इमारतीतले सगळे लोक ती पिऊन कंटाळले.

वहिनी हे सगळं ऐकत होती. पण तिच्या हिशेबाने तो नियम बाजारच्या शहाळ्यांचा. गावी आमच्या न्हाणीमागे एक माड आहे, तो तिने लग्नानंतर स्वतः लावलेला. त्याचं पाणी घरच्या माणसाला कसं बाधेल? एकदा ती गावी जाऊन आली, तेव्हा पिशवीतून त्याच माडाची शहाळी घेऊन आली. मी शाळेत असताना तिने ती फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीच्या पायांतलं बळ गेलं. नाडी मंद लागायला लागली. रुग्णालयात नेल्या नेल्या डायलिसिस करावं लागलं. काय खाल्लं, काय प्यायलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनीच पुढे होऊन म्हणाली, "मी पाजलंय."

पत्नी अजून मॉनिटरवर असताना दुपारी कोल्हापूरचा फोन आला. किडनी आहे, निघा. मी डॉक्टरांकडे पाहिलं. या अवस्थेत प्रवासही नाही आणि ऑपरेशनही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी फोनवर म्हणालो, "आज आम्हाला येता येणार नाही." ती किडनी यादीतल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असेल. तो माणूस बरा असो, असं मला मनापासून वाटतं.

वहिनी शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि मिळेल त्या एसटीने गावी निघून गेली. पिशवी आमच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवरच राहिली.

पत्नी सावरून घरी आली. खुंटीकडे बघत म्हणाली, "अहो, पाजलं म्हणजे काय त्यांनी मला धरून पाजलं? मीच मागितलं. मला वास आला त्याचा."

"पण तुला तर सगळं माहीत होतं."

"माहीत होतं. तहान लागली होती. तुमच्या विज्ञानात तहान किती मार्कांना असते?"

मी तिची बाटली उचलून किती पाणी उरलंय ते पाहिलं.

"त्यांना बोलवा," ती म्हणाली. "पुढचा फोन आला की मला गाडीत त्या शेजारी हव्यात. तुम्हाला घाटात गाडी लागते. मी मला सांभाळू का तुम्हाला?"

मी वहिनीला फोन केले. प्रत्येक वेळी "बरी हाय, गुरा सोडायची हायत" एवढं म्हणून ती फोन ठेवायची. मग मी पिशवी खुंटीवरून काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि हे पत्र पिशवीत घालून गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं:

"वहिनी, साष्टांग नमस्कार.

तू फोनवर बोलत नाहीस म्हणून लिहितो आहे. हिची तब्येत आता चांगली आहे. कोल्हापूरला मी स्वतः विचारलं. हिचं नाव यादीत आहे, कुठेही गेलेलं नाही. फोन पुन्हा येणार, आणि या वेळी आपण जाणार.

शहाळं हिनेच मागितलं होतं, हे तिने मला सांगितलं. तू ते एकटीने अंगावर घेतलंस, ते आम्हा दोघांनाही मान्य नाही. तू माड तोडायचं म्हणते आहेस, असं दादाकडून कळलं. तोडू नकोस. हिला नवी किडनी बसली आणि डॉक्टर हो म्हणाले की पहिलं शहाळं त्याच माडाचं, असं ही म्हणते. तोपर्यंत त्याला पाणी घाल.

घाटात मला गाडी लागते हे तुला माहीत आहेच. मी पुढे बसणार. मागे हिच्या शेजारी तुला बसायचं आहे.

पिशवी रिकामी धाडतो आहे. तिच्यात तुझ्या साड्या भर. या वेळी कंडक्टरकडे देऊ नकोस, तूच घेऊन ये. दाराआड हिच्या बॅगेशेजारी जागा केली आहे.

पोटभर जेव.

तुझा धाकटा दीर"