हकिमाच्या बरणीतली मर्दुमगिया

मंडळी, आज आईच्या गुडघ्याचं तेल आणायला बीडला गेलतो. रफीकचाचांचं जडीबुटीचं दुकान. त्यांचे आजोबा निजामाच्या काळातले हकीम.

वरच्या फळीवर उर्दू चिठ्ठीची एक जुनी बरणी दिसली. चाचांनी वाचून दाखवलं, "मर्दुमगिया. इंग्रजीत मँड्रेक. फारसीत मर्दुम म्हंजे माणूस, गिया म्हंजे झाडपाला. मुळी माणसावानी दिसती ना, दोन पाय फुटलेली, म्हणून हे नाव."

मी हौसेनं आत डोकावलो, तर नुसते तुकडे!

"चाचा, यात माणूस कुठंय?"

"आजोबांनीच मोडला. हैदराबादहून मुळी आली की पहिलं तिचे हातपाय मोडायचे. मूल न्हाई म्हणून लोक अख्खी मुळी मागायचे, उशाखाली ठेवायला. आजोबा म्हणायचे, ही दुखण्याची दवा हाय, तीबी जहरी. हिच्यानं लेकरू होत न्हाई."

लई मोठा माणूस! नुसतं गप बसला असता, तरी मुळ्या हातोहात खपल्या असत्या.

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. आमच्या उशाखाली चार ताईत हायेत, सगळे अख्खे.

तुमच्या गावात हाय का वो असा कुणी मोडून दाखवणारा?