गोळी वर का गेली?

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान पाण्याच्या टँकरचा धंदा करीत. शहर पुंडलिकनगरच्याही पुढे पसरले, नळ मात्र मागेच राहिले, आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत टँकर भरायच्या विहिरींवर भांडणे रोजचीच झाली. एका संध्याकाळी हर्सूलच्या रस्त्यावर काही जणांनी त्यांची मोटार अडवली. गजाच्या एका फटक्याने बाजूची काच खडीसाखरेसारखी मांडीवर सांडली. समोरून एक जण दगड घेऊन धावत येत होता. दाजींनी परवान्याचे रिव्हॉल्व्हर काढले, बसल्या जागेवरून समोरच्या काचेतून एक गोळी झाडली आणि स्वतःच पोलीस ठाणे गाठले. ‘नेम गुडघ्याखाली धरला होता,’ असा त्यांचा जबाब. गोळी कमरेत लागली होती. माणूस वाचला, दाजींवर मात्र खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला. नेम पायावर होता की पोटावर, एवढ्यावर त्यांची सुटका अडली.

मी वकील; खासगी बचावाचा हक्क मला मुखोद्गत होता; काच अजिबात ठाऊक नव्हती. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या वर्गमित्राला गाठले.

“समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे चिकट पडदा. शिवाय ती तिरकी,” तो म्हणाला. “आतून गेलेली गोळी बहुधा वर उचलली जाते. बाहेरून आलेली खाली दबते.”

“किती उचलली जाते?”

“ते काच पाहून, तशाच काचेवर गोळ्या झाडून ठरते. तोंडी आकडा सांगेल तो लबाड. काच कुठाय?”

मी बहिणीचे घर गाठले. मोटारीला नवी कोरी काच!

“दादा, फुटकी काच दारात ठेवू नये. अवदसा येते,” बहीण म्हणाली.

“अवदसा येऊन यजमानांना घेऊन गेली, बाई! आता पुरावाही तिच्या हाती दिलास!”

पण खरा संताप पोलिसांचा आला. मोटार जप्त न करता ‘पंचनामा उद्या’ म्हणून निघून गेलेल्या त्या अधिकाऱ्याविरुद्ध मी त्याच दिवशी तीन कार्यालयांना अर्ज धाडले.

काच बसवणारे मिस्त्री हसले. “साहब, आगे का काँच भंगारवाला भी नहीं लेता. पडद्यामुळं भट्टीत वितळत नाय ना. घरी पडलाय.”

पडली नव्हती, त्यांच्या अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवर झाकण होऊन बसली होती. धूळ जाऊ नये म्हणून गोळीच्या छिद्रात चिंधीचा बोळा ठासलेला. मिस्त्रींच्या पत्नी तो उपसू लागल्या.

“हात लावू नका!” मी ओरडलो.

“तो पहले दूसरा ढक्कन लाओ, भाईजान. टँकर कब आएगा, अल्ला जाने.”

मी बाजारातून पत्रा आणला. पोलिसांना बोलावून बोळ्यासकट पंचनामा करवला.

चाचण्यांनंतर तज्ज्ञांचे मत आले: नेम खाली असणे शक्य आहे. संशयाचा फायदा मिळून दाजी सुटले. माझे कुतूहल मात्र त्या ‘शक्य आहे’पाशी अडून राहिले. घरी परतल्यावर मी सरळ विचारले, “दाजी, नेम खरेच खाली होता?”



“दादा, हात इतका थरथरत होता,” ते म्हणाले, “की नळी कुठे होती, ते मलाही ठाऊक नाही.”