दोन बोटं माया

एसटी सुटली तेव्हा मला पोचवायला स्टँडवर पाच माणसं आली होती आणि मी कशाला निघाले आहे ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीला साठवलेली रजा जोडून ही बाई अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं अभ्यासायला चालली आहे, हे सगळ्यांना सहज पटलं. सासूबाईंनी कुळथाचं पीठ आणि कोकमाच्या आगळाची बाटली बांधून दिली. "आल्यावर सगळं लिहून काढ हो. आम्हाला कुठली दिसायला लेणी," त्या म्हणाल्या. ते लिहायचं तेव्हा राहून गेलं. आज लिहिते आहे, आणि जे झालं तेच लिहिते आहे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं औरंगाबादलाच येऊन गेलो होतो, तेव्हाही लेण्यांचंच नाव पुढे केलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आमचे तीन गर्भ तयार करून गोठवून ठेवले. पुढे त्यातला एक पोटात सोडला, तो राहिला नाही. मग त्यांनी गर्भपिशवीच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तर त्याला जुनी सूज निघाली. ती दुखत नाही, खुपत नाही, पण गर्भ रुजण्याच्या आड येऊ शकते. ती गेल्याशिवाय उरलेले दोन गर्भ सोडायचे नाहीत असं ठरलं. यजमान तोवर मस्कतला नोकरीवर परतले होते. मुंबई-पुण्यात डॉक्टर नाहीत असं नाही, पण तिथे दर दुसऱ्या जिन्यात आमच्या कोकणातलं माणूस भेटतं. औरंगाबादेत ओळखीचं चिटपाखरू नसेल, असा माझा होरा होता. तो अगदी खरा ठरला आणि मग त्याच गोष्टीला मी रडत बसले.

पुण्याला गाडी बदलली. नगर मागे पडलं तसा हिरवा रंग संपला. पूल लागत होते, खाली नद्या नव्हत्या. गोदावरी आली म्हणून मी भक्तिभावाने खिडकीशी सरकले, तर पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती. शहर जवळ आलं तशा नव्या इमारती सुरू झाल्या, एकीला खेटून दुसरी, आणि प्रत्येकीच्या फलकावर एकच मजकूर: चोवीस तास पाणी.

"नए हो क्या मैडम? लेण्या देखने?" रिक्षावाल्याने विचारलं.

"हो."

"अभी नको जाव. धूप बहोत है. और पानी संभालके वापरो, नल आठ दिन में एक बार आता."

मी फलकाकडे बोट केलं. "वो? वो फोटो में आता," तो म्हणाला आणि त्याने मला गारखेड्यात इंदूमावशींच्या दारात सोडलं.

इंदूमावशी पन्नाशीच्या, एकट्या, ब्लाऊज शिवणाऱ्या. खाली त्यांचं मशीन, वर माझी भाड्याची खोली. त्यांनी मला पाणी दिलं ते अर्धा पेला. मला वाटलं, बाई चिकट दिसते. दोन दिवसांत कळलं की त्या सालात सगळं शहरच पाहुण्याला अर्धा पेला देत होतं, आणि तो संपवायचा असतो, उष्टा टाकायचा नसतो. आमच्याकडे विहिरीवर उभ्याने बादल्या ओतणारी माणसं आम्ही. मला पहिल्या दिवशी त्या अर्ध्या पेल्याची लाज वाटली, ती त्यांच्यासाठी. नंतर स्वतःसाठी वाटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. या सुजेवर औषधाच्या दोन वाटा. पहिली, एकच गोळी, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. तेवढ्याने बऱ्याच बायकांची सूज जाते. नाहीच गेली तर दुसरी वाट, दोन वेगळ्या गोळ्या एकत्र, पुन्हा चौदा दिवस. कुठली वाट कुणाला लागू पडते, हे त्या एका वहीत रकाने पाडून मांडत होत्या. "तुमचं नाव पहिल्या रकान्यात," त्या हसून म्हणाल्या. नर्सने सूचनांचा कागद दिला आणि बजावलं, "उन्हात फिरू नका, या गोळीनं कातडी भाजते." एप्रिलच्या औरंगाबादेत उन्हात फिरू नका! अजिंठा तिथेच संपला.

तो कागद मी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून बॅगेत ड्रॉइंगच्या कागदांखाली ढकलला, न वाचताच. आणि इंदूमावशींनी गोळ्या पाहिल्याच, तेव्हा तोंडाला आलं ते ठोकून दिलं, "पित्ताच्या आहेत."

"पित्त? अगं माय, मंग गार दूध घ्यावं की त्याच्यावर," त्या म्हणाल्या. त्यांचा भाऊ अजिंठ्याकडून दुधाचा टेम्पो घेऊन रोज शहरात यायचा, जाताना त्यांच्याकडे लिटरभर ठेवून जायचा. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ माझ्या गोळीच्या वेळेला पेलाभर गार दूध हजर. मलाही बरंच वाटलं. गोळ्या उष्ण पडतात हे आपण लहानपणापासून ऐकतोच. शिवाय त्या परक्या गावात दिवसातून दोनदा कुणीतरी माझ्यासाठी जिना चढून येत होतं. तुम्हाला सांगते, गोळी नसती तरी मी ते दूध प्यायले असते. अजिंठ्याचं मी काय अनुभवलं, तर दूध.

दिवस फार लांब होते. सकाळी ऊन चढायच्या आत औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन यायचं, मावशींना बटणं, अस्तराचं कापड, रिळं आणून द्यायची. दुपारी खाली त्यांच्यापाशी बसायचं. त्यांच्या हातची येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) मला भाकरीत कुस्करून खाता यायला लागली. गिऱ्हाईक आलं की मावशी विचारायच्या, "अस्तर लावायचं का नाय?" तो शब्द आला की मी उगीच रिळं लावत बसायची. कापताना त्या प्रत्येक शिवणीत थोडी माया (आत दुमडून सोडलेलं जास्तीचं कापड) ठेवायच्या. "बायामाणसाचं अंग एकसारखं राहातंय व्हय? माया ठेवावीच लागती," असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी मस्कतचा फोन यायचा. "सगळं ठीक?" "ठीक." एवढंच बोलणं. फोन ठेवला की मी रडायची. कुठल्या एका गोष्टीसाठी नाही. माझं असं त्या गावात कोणी नव्हतं, म्हणून.

गोळ्या संपल्या, पाळी येऊन गेली, पुन्हा तुकडा तपासला. सूज होती तशीच.

डॉक्टरीणबाई वहीत लिहायच्या आधी थांबल्या. "गोळ्या कशाबरोबर घेत होतात?"

"दुधाबरोबर," मी शहाण्या मुलीसारखं सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. दुधाने या गोळीचा जोर कमी होतो, कागदावर ठळक लिहिलं होतं. त्यामुळेच सूज राहिली का, मी विचारलं. "तसंही म्हणता येत नाही. कदाचित दूध नसतं तरी राहिली असती," त्या म्हणाल्या. "पण आता ही गोळी तुम्हाला लागू पडली नाही असं मी लिहू शकत नाही. तुमचं नाव आता कुठल्याच रकान्यात धरता येणार नाही." म्हणजे सुजलेल्या अस्तराच्या बायकांच्या वहीतही मी एकटीच, समासात. रिक्षात मला त्याचं हसू आलं आणि मग हसू थांबेना, तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

दुसऱ्या वाटेच्या गोळ्या सुरू करायच्या त्या सकाळी मावशी दूध घेऊन वर आल्या. मी नको म्हटलं.

"कामून नको म्हणायलीस? नासलंय का?"

"नाही."

"मंग? माझं काय चुकलं का, म्याडम?"

पेला धरलेला त्यांचा हात तसाच पुढे होता. खोटं बोलणं मला आता सरावाचं झालं होतं, पण त्या हाताला थाप मारवेना. मी सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षं, गोठवलेले गर्भ, अस्तराची सूज, पित्ताची थाप. घरच्या कुणालाही न सांगितलेलं मी एका शिंपीणबाईला जिन्याच्या तोंडाशी उभ्याउभ्या सांगितलं.

त्या पायरीवर बसल्या. "म्हंजी माझ्या दुधानं वाटोळं केलं व्हय तुझं?"

"दुधानं नाही, मावशी. मी खोटं बोलले, त्यानं."

"अन् ह्या गोळ्या कशाबरबर घ्यायच्या?"

"भरपूर पाण्याबरोबर."

त्या उठल्या आणि दूध घेऊन खाली गेल्या. आता हेही माणूस तुटलं, असं वाटून मी खोलीत बसून राहिले. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, फार सावकाश. मावशींच्या हातात पेला होता, पाण्याने काठोकाठ भरलेला. त्या घरात भरलेला पेला मी तोवर पाहिला नव्हता. नळ येऊन सहा दिवस झाले होते.

"सांडू नको, पोरी," त्या म्हणाल्या. 'म्याडम' त्या दिवशी संपलं. पुढचे चौदा दिवस, दिवसातून दोनदा, तो पेला तसाच भरून येत राहिला. नव्या गोळ्यांनी तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव यायची, पाणीसुद्धा कडू लागायचं. मी एक थेंब उष्टा ठेवला नाही.

जुलै उजाडला तरी तिकडे आभाळ कोरडंच होतं. शेवटचा रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले, जिन्यातच उघडला. सूज गेली होती. फोन लावला तर मस्कतला उचलला नाही, ड्यूटीवर असणार. एवढी मोठी बातमी आणि ती हातात धरून मी औरंगपुऱ्यातून चालत सुटले. गारखेड्याला पोचले तेव्हा मावशींकडे दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत काय बोलणार?

"मावशी, अस्तर चांगलं निघालं," मी म्हटलं.

मशीन थांबलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. "मंग आता वरचं कापड देवानं द्यावं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालवायला लागल्या. गिऱ्हाइकांना वाटलं, आम्ही ब्लाऊजबद्दल बोलतो आहोत.

निघताना त्यांनी मला मोरपंखी रंगाचा ब्लाऊज दिला. उलटा करून शिवण दाखवली. "दोन बोटं माया ठेवलीया आतून. अंग भरलं की उसवून घे."

मी गावी आले. पाऊस लागलेला होता, विहीर तुडुंब होती. औरंगपुऱ्यात घेतलेल्या पुस्तिकेवरून मी सासूबाईंना अजिंठा वर्णन करून सांगितला, त्यांनी हात जोडून ऐकला. पुढे त्याच वर्षी उरलेले दोन्ही गर्भ, एकामागून एक, सोडले. राहिले नाहीत. का, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही, आणि आम्ही तिथे थांबलो.

तर मंडळी, मी लेणी पाहिलेली नाहीत. तुम्ही विचारायचात तेव्हा मी जे सांगत होते ते पुस्तिकेतलं होतं. त्या गावात मी बघितलं ते एवढंच, कोरड्या सालात एका बाईने एका परक्या बाईला दिवसातून दोनदा भरलेला पेला दिला. तो ब्लाऊज मी अजून सणावाराला घालते. अंग भरायची वेळ आली नाही, त्यामुळे शिवण कधी उसवली नाही. दोन बोटं माया आत आहे तशी आहे.