निमाच्या वतीनं मी दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. वज्रेश्वरीला देवीपुढे उभी राहते तेव्हासुद्धा याच्या आसपासचंच काहीतरी पुटपुटते, ओटी भरते आणि मागे फिरते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. एक मात्र आधीच सांगते. सांगता सांगता मी मध्येच खूश होईन. कारण ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस होते — आणि तेच तर वाईट आहे.

आम्ही भिवंडीतल्या टेमघरच्या. घरात दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. मी थोरली, निमा धाकटी. मानकोलीकडची शेतं गेली, तिथं गोदामं उभी राहिली, घरात भाडं यायला लागलं आणि आम्हा बायकांच्या हातचं शेतातलं काम सुटलं. जेवण मात्र शेतात राबणाऱ्या बायकांचंच राहिलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या मासळीचं कालवण, वर भात. मग काय होणार? मी तर लहानपणापासूनच जाड. माहेरी मला कुणी नावानं हाक मारायचंच नाही, 'डबा' म्हणायचे. मीही ओ द्यायची.

निमा तशी नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिला बघायला येत. सडपातळ, उंच, आणि आवाज — काय सांगू त्या आवाजाचं? हळदीला तिनं पहिला धवला, म्हणजे आमचं लग्नातलं गाणं, उचलला की मागचे ढोलवाले आपोआप थांबायचे. मी तिच्या शेजारी बसायची आणि बघणाऱ्यांची नजर माझ्यावरून घसरून तिच्यावर जायची. मग दोन बाळंतपणं झाली आणि तिचंही अंग सुटलं. सुटलं ते सुटतच गेलं. लोक हळहळले. मी पण हळहळले, तोंडानं.

आतून मला बरं वाटलं होतं.

हा अजून कबुलीजबाब नाही. एवढं तर माणसाच्या मनात येतंच, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलंय. आणि खरंच, ती जाड झाल्यावरच आम्ही मैत्रिणी झालो. एकाच शिंप्याकडे ब्लाउज सैल करायला जायचो, रिक्षात दोघींनीच मागची सीट भरायचो, लग्नात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधी तिचे पाय दाबून बघायचो. हसायचो खूप. अशी मैत्रीण मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

मग एका बारशाला आमच्या नात्यातली एक बाई आली आणि तिला कुणी ओळखलंच नाही. आमच्यापेक्षा जाड होती ती! आता पंजाबी ड्रेस घालून झपाझप चालत होती. आम्ही तिला मांडवाच्या मागे, पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. तिनं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. किती दुखतं, काय खायचं, केस गळतात का, सगळं विचारून घेतलं. ती म्हणाली, दोन तऱ्हा असतात, एक स्लीव्ह आणि एक बायपास. तिनं बायपास केलं होतं. निघता निघता हळूच म्हणाली, "बायपासवाल्या जास्त उतरतात."

त्यानंतरचे आठवडे! दुपारी पोरं शाळेत, पुरुष बाहेर, शेजारच्या कारखान्यात लूमचा खडखडाट चाललेला आणि आम्ही दोघी मोबाइलला डोकं लावून बसलेलो. साड्यांच्या दुकानात बसावं तशा — ही घेऊ का ती घेऊ? एकदा निमानं परातीतल्या तांदळाच्या पिठावर बोटानं पोट काढून दाखवलं. "ही बग स्लीव्ह. पोट उभं कापतात, केळ्याएवढी नळी ठेवतात. आतड्याला हात न्हाय लावत." मग पीठ सारखं केलं आणि दुसरं काढलं. "हा बायपास. वर अंड्याएवढी पिशवी, नी खालचं आतडं वर आनून जोडायचं. मंग गोळ्या जन्मभर." मी म्हटलं, बाई गं, नळदुरुस्तीच की ही. ती इतकी हसली की पीठ उडालं.

घरच्यांना पटवायला वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, देवानं दिलेलं पोट कापायचं? पण माझे गुडघे गेले होते, जिना चढताना मला मध्ये बसावं लागे. शेवटी नवराच म्हणाला, जा दोघी, एकमेकींना बघाल तरी.

ठाण्याला आमच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. माझं त्यांनी पटकन ठरवलं. गुडघ्यांसाठी मी दुखण्याच्या गोळ्या खायची. बायपासनंतर त्या गोळ्यांनी पोटात जखमा होऊ शकतात, म्हणून मला स्लीव्ह बरी. मला त्याचं काही वाटलं नाही. मग ते निमाकडे वळले. म्हणाले, दुर्बिणीनं बघितलं त्यात थोडी लाली दिसते, फार नाही. पण एक नीट सांगा. जळजळ होते का? झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का? तसं असेल तर स्लीव्ह नको, जळजळ वाढू शकते. मग तुमच्यासाठी बायपास.

तुम्ही म्हणाल, हे तर तिला विचारलं होतं, तुझा काय संबंध? संबंध असा, की निमा डॉक्टरपुढे बोलायचीच नाही. पहिल्या बाळंतपणापासून दवाखान्यात तिच्या वतीनं मीच बोलत आले. तिला भीती वाटायची, शब्द सापडायचे नाहीत. ती सवयीनं माझ्याकडे बघायला लागली.

मला सगळं ठाऊक होतं. तिच्या उशाशी गुलाबी औषधाची बाटली असायची. दोन उशा घेतल्याशिवाय तिला झोप यायची नाही. जेवून लगेच वाकली की तोंडात आंबट पाणी यायचं. घरात हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नाही.

मी म्हटलं, "नाही, तिला तसलं काही नाही."

"कधीच नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिखट खाल्लं तर होतं कधी. ते कुणालाही होतं."

निमानं तोंड उघडलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. डॉक्टरांनी तिला परत विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली — माझ्यासारखीच. मग दोघींचीही स्लीव्ह ठरली.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत तिनं मला थांबवलं. "ताई, मना तं रोज होतंय गं. तू न्हाय का म्हनलीस?"

आणि बघा, मला विचारसुद्धा करावा लागला नाही. उत्तर जिभेवरच होतं. म्हटलं, अगं, बायपास केवढं मोठं ऑपरेशन, आतडं कापतात, तुला काही झालं तर पोरांकडे कोण बघणार? वजन उतरलं की जळजळ आपोआप जाते. हे मी कुठेतरी वाचलंय असंही सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथेच, गाड्यांच्या मध्ये, तिनं मला मिठी मारली. "माजी आय पन येवढी काळजी करत न्हाय," म्हणाली.

डॉक्टर अजून आत होते. मी दहा पावलं मागे गेले असते तरी चाललं असतं. मी रिक्षा शोधायला लागले.

का केलं? भीतीनं? मायेनं? तसं म्हणता आलं असतं तर किती सोपं होतं. पण तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं — बायपासवाल्या जास्त उतरतात. मी स्लीव्ह करणार आणि ही बायपास. ही पुन्हा ती नवरी होणार, उंच, सडपातळ, आणि मी शेजारी बसलेली. बारीक झालेली, पण शेजारीच. मला तिच्यापेक्षा बारीक व्हायचं होतं. निदान तिच्याइतकीच. त्यासाठी मी तिच्या शरीराबद्दल खोटं बोलले. एवढंच आहे. याच्यामागे दुसरं काही नाही.

ऑपरेशनं झाली, आणि मग — माझी जीभ इथे पुन्हा पळायला लागते, माफ करा — मग जी काही मजा आली! वाटीभर डाळीचं पाणी आम्ही चमच्या चमच्यानं पीत बसायचो आणि दोघींचं पोट भरायचं. बांगड्या मनगटातून आपोआप निसटायच्या. वजनकाट्यावर एक चढली की दुसरी वाकून बघायची. मी जन्मात पहिल्यांदा जीन्स घेतली. दुकानदारानं माप विचारलं तर मला सांगता येईना, इतक्या भराभर ते बदलत होतं. वज्रेश्वरीच्या पायऱ्या मी न थांबता चढले आणि वर जाऊन वेड्यासारखी खाली बघत राहिले. तिथून आम्ही गणेशपुरीला गेलो, गरम कुंडात पाय सोडून बसलो. निमानं माझे पाय पाण्यात बघितले आणि म्हणाली, "ताई, तुजं घोटं दिसाला लागलं." मी स्वतःचे घोटे कधी बघितलेच नव्हते. माहेरी कुणीतरी मला नावानं हाक मारली.

आणि मी तिच्यापेक्षा बारीक दिसायला लागले होते. थोडीशीच. पण मला दिसत होतं.

निमाचं बिनसत चाललं होतं ते तिनं मला बरेच दिवस कळू दिलं नाही. जळजळ गेली नाही, वाढली. आडवी झाली की घशाशी आंबट यायचं, ठसका लागायचा. पुढे ती खुर्चीत बसून झोपायला लागली. विचारलं की म्हणायची, गरम होतंय गं. मग आवाज घोगरा झाला. एका हळदीला तिनं नेहमीसारखा धवला उचलला आणि दुसऱ्याच ओळीला तो फाटला. तिनं खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा फाटला. कुणीतरी दुसऱ्या बाईनं ओळ पुढे नेली, ढोल सुरू झाला, कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. निमा हसत टाळ्या वाजवत राहिली. मी तिच्या शेजारीच होते.

त्यानंतर तिला परत ठाण्याला नेलं. अन्ननलिकेत जखमा झाल्या होत्या. आता स्लीव्ह मोडून बायपासच करायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. नवीनच होते ते डॉक्टर. आधीचे दुसरीकडे गेले होते. या नव्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "पहिल्या ऑपरेशनच्या आधी जळजळीचा त्रास होता का?"

यावेळी निमानं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "न्हाय. तवा काय न्हवता."

आयुष्यात पहिल्यांदा ती डॉक्टरपुढे स्वतः बोलली, आणि ते हे.

परतताना मानकोली नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. गाडी हलेना. मी विचारलं, खोटं का सांगितलंस? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुजं नाव कशाला आनू मदी? तू माज्या भल्यासाठीच म्हनलीस." तिला बोलताना त्रास होत होता, म्हणून ती थांबली आणि माझ्या मांडीवर हात ठेवला. पुढचा ट्रक हलायला केवढा वेळ लागला! सांगायला हवा तेवढा वेळ होता. ड्रायव्हर हिंदीत फोनवर बोलत होता, त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मी सगळं जुळवलंही — कसं सुरू करायचं, कुठून. मग ट्रक हलला.

तिचं दुसरं ऑपरेशन नीट झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जळजळ थांबली, ती आता आडवी झोपते. बारीकही झाली, माझ्यापेक्षा बारीक. आवाज मात्र पूर्ण आला नाही. बोलताना जाणवत नाही, पण वरच्या पट्टीत गेला की तुटतो. सगळ्या नातेवाइकांत ती सांगत फिरते की ताईनं माझी किती सेवा केली. केली आहे मी. पथ्याचं एकेक पाणी माझ्या हातानं गाळून दिलंय. पण त्याचा इथे काही उपयोग नाही.

परवा तिच्या मुलीची हळद होती. मुलीच्या हळदीला आईचाच धवला हवा, असं सगळ्यांनी धरलं. निमा म्हणाली, मना झेपाचं न्हाय, ताई म्हनंल. मला धवले पाठ कुठे आहेत? ती माझ्या मागे पाटावर बसली आणि एकेक ओळ कानात सांगत गेली. मी म्हणत गेले. नवी पैठणी नेसून, सगळ्यांच्या पुढे. आवाज लागला माझा. ढोलवाले थांबले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, थोरलीचा गळा एवढा गोड आहे, इतकी वर्षं कळलंच नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि पहिली टाळी माझ्या मागून आली — निमाची.

मला आनंद झाला. छाती भरून आली इतका आनंद झाला. मी मागे वळले आणि तिला पुढचं कडवं विचारलं.