हिरवं ओके

बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू वठणीवर आले, जीभ मात्र रुसून बसली. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्याला कधी बोलू न देणारा हा माणूस नुसता 'हं' म्हणू लागला. मला ते ऐकवत नसे. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, "रोज मोठ्याने काहीतरी वाचून घ्या." पेपर ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला. आरती लावली, तर फक्त टाळ्या वाजवल्या.

गिरणी बंद पडल्यावर बाबा हट्टाने कॉम्प्युटर शिकले होते. तेव्हापासून घरच्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्याची नवी आवृत्ती टाकली. आता मशीन सुरू होताना पडद्यावर एक गोल चक्र फिरायचं. बाबा त्याच्याकडे बघत आणि बटण दाबून मशीन बंद करत. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

"बाबा, डिस्क जाईल हां," मी वैतागलो.

आई मेथी निवडत होती. "तेंका ती पळणारी अक्षरां व्हयी रे. चाय घेऊन वाचत बसायचे ना."

खरंच की. पूर्वी मशीनमधलं एकेक काम सुरू झालं की त्याची ओळ पडद्यावर यायची आणि ओळीच्या सुरुवातीला हिरवं 'ओके' असायचं. नव्या आवृत्तीने ते सगळं चित्राआड झाकलं होतं. मशीनला गप्प राहायला सांगणारा शब्द सेटिंगमधून मी काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळी धावल्या. बाबांचे ओठ हलले. "ओ..." आणि मग स्वच्छ, "ओके." आईचं दूध उतू गेलं, कुणी गॅसकडे बघितलं नाही.

मग रोज सकाळी ओके, ओके. पण त्यापुढे एक शब्द नाही. आम्ही तेवढ्यावरच समाधान मानायला शिकत होतो.

एकदा मधेच ओळी अडल्या. तांबडे ठिपके नुसते इकडून तिकडे फिरत राहिले. मला ऑफिसची घाई. मी बटणाकडे हात नेला, तर बाबांनी मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "येतंय."

लहानपणी मी मशीनसमोर चुळबुळ केली की हेच म्हणायचे. मी हात मागे घेतला.

"काय म्हणाले?" आईने ओट्यापासून विचारलं.

"थांब म्हणाले."

"मग थांब ना," ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

खांद्यावरची बॅग खाली ठेवून मी बाबांशेजारी बसलो.