उजव्या बाजूचा आवाज

मला स्वस्थ बसता येत नाही, हे मी मान्य करते. पण त्या दिवसांत मी अगदी कहर केला. कानाच्या डॉक्टरांनी बाबांना तपासून सांगितलं होतं की डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजवाही आता फार साथ देणार नाही. येताना रिक्षात बाबांनी डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आईचा आवाज एकदा ऐकायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

आई गेली तेव्हा घरात मोबाइल आलेले नव्हते. तिचा आवाज कुठे असलाच, तर माळ्यावरच्या टेपांमध्ये. आमच्याकडे मोठ्या चकत्यांचा स्टिरिओ टेपरेकॉर्डर होता. काकांनी परदेशातून आणलेला. बाबा त्यावर रेडिओवरच्या मैफली उतरवून घेत. रेडिओसमोर माइक ठेवायचा, पंखा बंद, कुकर लावायचा नाही, आणि बाबांनी ओठांवर बोट ठेवलं की सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कुणी खोकायचंसुद्धा नाही. आईच्या तोंडून चुकून शब्द निघाला, की बाबा कपाळाला आठ्या घालून टेप पहिल्यापासून पुसून टाकत. आता तेच मला म्हणत होते, एखादी तरी चूक राहून गेली असेल, शोध.

शोधणार कसं? मशीनचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो खरवडताना माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. नवा पट्टा मागवला आणि खराडीच्या ऑफिसात बसून दर थोड्या वेळाने पार्सल कुठवर आलं ते बघत राहिले. मीटिंगमध्ये शेजारच्या मुलीने विचारलंच, "मॅडम, एवढं काय अर्जंट मागवलंय?" मी रबर म्हटल्यावर तिने आपली खुर्ची थोडी लांब सरकवली.

पट्टा बसला, चकत्या फिरल्या. पण टेपा इतक्या जुन्या, की वाजताना तपकिरी भुकटी गळायची. म्हणजे ऐकलेली प्रत्येक टेप थोडी मरत होती. तरी मी सुट्टीच्या दिवशी एकेक लावत गेले. गाणं, तबला, निवेदक. आईचा श्वासदेखील नाही. बाबांची ती सगळी नेमकी, स्वच्छ रेकॉर्डिंग्ज ऐकून मला अक्षरशः राग यायला लागला. काय मेली ही शिस्त! मी खोलीत येरझारा घालायची आणि बाबा खुर्चीत मान वाकडी करून बसलेले असायचे. एका दुपारी तेच वैतागून म्हणाले, की आवाज सगळा माझ्या बहिऱ्या बाजूने येतोय.

बरोबरच होतं. मशीनचा उजवा स्पीकर आल्या आल्याच बंद पडला होता. भाग इथे मिळेना, तेव्हा एका बाजूने ऐकू येतंय की, म्हणून बाबांनी तो विषय मिटवला होता. मी कॉम्प्युटरचा छोटा स्पीकर आणून उजवीकडे जोडला आणि तीच टेप पुन्हा लावली.

उजवीकडे गाणं लांबून आल्यासारखं वाजायला लागलं. तेव्हा मला तो दुसरा माइक आठवला. रेडिओला मुळात एकच स्पीकर, त्याचं स्टिरिओ काय होणार, डोंबल! पण दोन माइक एकमेकांपासून लांब ठेवल्याशिवाय स्टिरिओ होत नाही, असं बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून डावा माइक रेडिओपुढे, आणि उजवा वायर पुरेल तिथे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

गाण्याखाली काहीतरी घुमत होतं. मला वाटलं मशीनचीच घरघर. मग बांगडी वाजली. बुवा श्वास घ्यायला थांबले आणि त्यांनी अर्धी सोडलेली ओळ कुणीतरी अगदी दबक्या आवाजात पुरी केली.

ती आई होती. ताट पुसत असेल, नाहीतर तांदूळ निवडत. बुवांच्या मागोमाग जात होती, एकही जागा न चुकता. आमच्या घरात आई कधी गायली नाही. तिला गाण्यातलं कळत नाही, असं बाबा पाहुण्यांना बिनदिक्कत सांगायचे आणि ती हसून चहा टाकायला उठायची.

मला रडू आवरेना. मी उठले, खुर्ची सरकून करकरली.

बाबांनी माझ्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. मी होते तिथेच उभी राहिले. त्यांनी उजवा कान स्पीकरला जवळजवळ चिकटवला होता आणि डोळे मिटले होते. तपकिरी भुकटी मशीनवर पडत होती.

"डावीकडचं बंद कर," ते हळूच म्हणाले. "बुवा मध्ये मध्ये येतायत."